कातरणीचे गाठोडे आणि त्याचा हिशेब

कापडाच्या दुकानात आणि शिंप्याच्या मशीनखाली रोज जो माल उरतो, त्याला कोणी माल म्हणत नाही. दुकानात ताग्याच्या शेवटी वीतभर, हातभर तुकडा राहतो. शिंप्याकडे गळ्याचे गोल, मुंढ्याचे कोपरे आणि पन्ह्याच्या कडेच्या पट्ट्या पडतात. संध्याकाळी झाडू मारताना हे सारे एका पोत्यात भरले जाते आणि आठवड्याने चिंधीवाला येऊन वजनावर घेऊन जातो. रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात तर कातरणीचा ढीग मशीनच्या पायट्यापर्यंत येतो. आम्ही या व्यवसायात तीस वर्षे आहोत. या पोत्यात घरबसल्या कमाईचे साधन आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, शिबिरेही होतात. साधन आहे हे खरे, परंतु त्यातील हिशेब सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात कामाबरोबर तो हिशेबही मांडावयाचा आहे, कारण मेहनत भगिनींची आणि नफा भलत्याचाच, असे या कामात फार वेळा घडते.

प्रथम एका नाजूक गोष्टीविषयी. कातरण कोणाची? दुकानातील ताग्याचा तुकडा दुकानदाराचा, यात वाद नाही. मात्र गिऱ्हाइकाने आणून दिलेल्या कापडातून जे उरते ते गिऱ्हाइकाचेच आहे. ती अमानत आहे. ‘दर्ज्याने कापड मारले’ ही तक्रार या धंद्याइतकीच जुनी असून ती अकारण नाही. यावर उपाय अगदी सोपा आहे. माप घेतानाच विचारावे, ‘उरलेले तुकडे परत देऊ की ठेवू?’ आणि जे उत्तर येईल ते पावतीवर लिहून ठेवावे. शंभरातील बहुतेक लोक ‘ठेवा’च म्हणतील. हातभर तुकडा राहिला असेल तर तो न विचारता घडी करून कपड्यासोबत द्यावा. पुढे बाही वाढवायला किंवा फाटल्यास जोड द्यायला तोच कामी येतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येते. ज्या भगिनी शिंप्याकडून कातरण विकत घेतात त्यांनीही हे विचारून घ्यावे.

दुकानांत आणखी एक माल असतो, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पडद्याच्या व सोफ्याच्या कापडाचे नमुने जाड पुस्तकात बांधलेले असतात. डिझाइन बदलले की ती पुस्तके निकामी होतात. त्यातील प्रत्येक तुकडा एकाच मापाचा, सरळ कापलेला आणि मजबूत असतो. फर्निशिंगच्या दुकानदाराशी ओळख ठेवल्यास तो अशी पुस्तके स्वस्तात, कधी फुकटही देतो. मागील बाजूस चिकटविलेला कागद गरम पाण्यात भिजवून काढावा लागतो, एवढाच त्रास.

छाननी : निम्मे काम येथेच

गाठोडे घरी आणल्यावर लगेच कात्री हाती घेऊ नये. आधी जात ओळखावी. सुती एकीकडे, टेरिकॉट व पॉलिस्टर दुसरीकडे, रेशमी आणि जरीचे तिसरीकडे. हात सरावला की स्पर्शानेच कळते, तोवर दोरा जाळून पाहावा. तुकड्यातील दोन-तीन दोरे ओढून काढावेत, चिमट्यात धरावेत, खाली स्टीलची ताटली व शेजारी पाणी ठेवावे. सुती दोरा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच येतो आणि राख मऊ, करडी, चिमटीत विरणारी पडते. पॉलिस्टर आधी आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी शिल्लक राहतो. खरे रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो. टेरिकॉटमध्ये सूत आणि पॉलिस्टर दोन्ही असल्याने राखही दिसते व कडक कणही लागतात. ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा असे कापडही बाजारात असते, तेव्हा दोन्हीकडचे दोरे जाळून पाहावेत.

ही खटपट शास्त्रासाठी नाही. चुलीवरचे गरम पातेले उतरवण्याची पकड पॉलिस्टरच्या तुकड्याची शिवली तर ते वितळून हाताला चिकटेल. पकड शिवायची ती शंभर टक्के सुती कापडाची आणि आतला भरावही सुतीच. तान्ह्या बाळाच्या दुपट्याचेही तेच. टेरिकॉट घाम शोषत नाही, मग ते दिसायला कितीही देखणे असो. उलट दप्तर, चप्पल ठेवण्याची पिशवी किंवा मशीनचा गिलाफ यांसाठी टेरिकॉटच चांगले, कारण ते आटत नाही आणि लवकर वाळते.

सुती तुकडे शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात घालावेत. नवे कापड पहिल्या धुण्यात आटते. एक तुकडा आटणारा आणि शेजारचा न आटणारा असला की तयार वस्तू पहिल्याच धुण्यात चुरमडते आणि गिऱ्हाईक ती तोंडावर आणून टाकते. रंगाची परीक्षाही याच वेळी घ्यावी. पांढरे फडके ओले करून तुकड्यावर जोराने घासावे. लाल, काळा आणि गडद निळा हे तीन रंग विशेष संशयित. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी कधीच लावू नये. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो, असा घरोघरी समज आहे. मीठ रंगाऱ्याच्या भांड्यात रंग कापडावर चढण्यास मदत करते. एकदा रंगून बाजारात आलेल्या कच्च्या मालाला ते पक्का करीत नाही.

वाळल्यावर इस्त्री, आणि मग मापाप्रमाणे वाटणी. तळहाताहून लहान तुकडा शिवणकामासाठी ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुष्कळ भगिनी बोटभर तुकडाही जोडतात आणि त्याला काटकसर समजतात. आकडेमोड करून पाहा. प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजूंस पाव इंच शिवणीत जाते. चार इंची चौकोन शिवल्यावर साडेतीन इंचाचा राहतो. असे सोळा चौकोन घेतले तर १४ इंची उशीची एक बाजू होते. कापड लागले २५६ चौरस इंच आणि दिसते १९६. आता तेच २५६ चौरस इंच कापड दोन इंची चौकोनांत कापा. चौसष्ट तुकडे होतील, प्रत्येक शिवल्यावर दीड इंचाचा, आणि सगळे जोडून उशी होईल फक्त १२ इंची, म्हणजे १४४ चौरस इंच. जवळजवळ ४४ टक्के कापड शिवणीच्या पोटात गेले, दोरा दुप्पट लागला आणि वेळ चौपट. ही काटकसर नव्हे.

कापताना ताणा आणि बाणा पाहून कापावे. ताणा म्हणजे किनारीला समांतर जाणारे उभे सूत, ते ओढल्यास फारसे ताणत नाही. बाणा किंचित ताणतो. तिरके, म्हणजे उरेब ओढले तर कापड रबरासारखे लांबते. कातरणीत किनार बहुधा नसतेच, म्हणून तिन्ही दिशांनी ओढून ताणा शोधावा लागतो. एक तुकडा सरळ आणि शेजारचा उरेब लागला तर उशीला पोक येतो आणि इस्त्रीने तो जात नाही. आमच्या पाहण्यात घरगुती जोडकाम बिघडण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. शिलाई सफाईदार असते, वस्तू मात्र वाकडी.

हीच उरेब ताणण्याची खोड गोटासाठी वरदान ठरते. ज्याला आम्ही लहानपणापासून मगजी म्हणतो आणि शिंपी आता पायपिंग किंवा क्रॉसपट्टी म्हणतात, ती गोल कडेवर सुरकुती न पडता बसते ती केवळ उरेब कापल्यामुळे. १८ इंची चौकोनी तुकड्यातून दीड इंच रुंदीच्या उरेब पट्ट्या कापल्या तर जोडून सुमारे सहा वार गोट निघतो, जोडांत थोडी घट येते तेवढीच. जोड तिरका द्यावा, सरळ जोड एकाच जागी जाड होतो आणि मशीन तेथे अडखळते. विकतचा गोट बहुधा पॉलिस्टरचा असतो. सुती कुर्त्याला सुती गोट हवा असलेले शिंपी गावोगाव आहेत. कोणी केवळ गोटाची गुंडाळी करून दहा-दहा वाराची पाकिटे टेलरांना पुरविली तरी तो लहानसा धंदा होऊ शकतो. शिवायचे कमी, कापायचे आणि जोडायचे जास्त. ज्यांची नजर शिलाईला साथ देत नाही अशा वयस्क भगिनींनाही घरातील कोणाच्या मदतीने हे जमते.

गोधडी आणि कवंदी

जोडकाम म्हटले की आपल्याकडे गोधडी आणि वाकळ आलीच. जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी महाराष्ट्रात घराघरांत होती. आपल्या सीमेपलीकडे कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूस सिद्दी लोक राहतात. मुळात आफ्रिकेतून आलेल्या या समाजात मुस्लिम, ख्रिस्ती आणि हिंदू असे तिन्ही आहेत, आणि तिन्ही घरांतील स्त्रिया तुकड्यांची कवंदी शिवतात. तिची रीत पाहण्यासारखी आहे. आधी सगळे तुकडे जोडून मग अस्तर लावायचे असे त्या करीत नाहीत. खाली जुनी साडी अंथरतात आणि कडेपासून एकेक तुकडा त्यावर ठेवून, कडा आत दुमडून, धावदोऱ्याने सरळ अस्तरालाच शिवत मध्याकडे येतात. म्हणजे जोडणे आणि शिवणे एकाच टाक्यात होते. चार कोपऱ्यांना घडी घातलेले लहान त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला ‘फुला’ म्हणतात. त्याशिवाय कवंदी पूर्ण मानत नाहीत. आज या कवंद्या संग्रहालयांत आणि परदेशांतील प्रदर्शनांत मांडल्या जातात.

या रीतीचा व्यावहारिक फायदा असा की तुकडे एका मापाचे असण्याची गरजच उरत नाही. वाकडा तुकडा वाकडाच लावता येतो, कारण खालचे अस्तर सगळ्यांना धरून ठेवते. मशीनही लागत नाही. ज्या घरी मशीन नाही, परंतु दुपारचे दोन तास आहेत, तेथे हीच रीत योग्य. आम्ही शिकलो त्या उर्दू मदरशाच्या भाषेत ठिगळाला ‘पैवंद’ म्हणतात आणि झाडाला कलम बांधतात त्यालाही ‘पैवंद’च. मराठीत ठिगळ म्हटले की गरिबीच डोळ्यांपुढे येते. माल विकताना मात्र लोक ठिगळाचेच पैसे देतात, हे ध्यानात ठेवावे.

काय शिवावे, काय शिवू नये

महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर मार्च २०१८ मध्ये बंदी घातली गेली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. तेव्हापासून जो तो कापडी पिशवी शिवावयास सांगतो. बाजारात कापडासारखी दिसणारी जी नॉन-वोव्हन पिशवी मिळते ती कापड नसून पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्लास्टिकच आहे, हे गिऱ्हाइकास सांगण्यास हरकत नाही. तरीही तुकडे जोडून बाजारहाटाची साधी पिशवी शिवू नये, असेच आम्ही म्हणू. हिशेब असा आहे.

समजा, कातरण ४० रुपये किलोने पाच किलो घेतली. २०० रुपये गेले. छाननीनंतर उपयोगी माल दोन किलो निघाला. म्हणजे उपयोगी कापड ४० नव्हे, १०० रुपये किलो पडले. पिशवीला १०० ग्रॅम धरले तर कापड १० रुपये. दोरा, वीज, सुई मिळून ४ रुपये. तुकडे जुळविणे, जोडणे, इस्त्री आणि शिवणे यांस ४० मिनिटे लागली आणि आपल्या तासाची किंमत फक्त ६० रुपये धरली तरी मजुरी ४० रुपये होते. एकूण ५४. भाजी मंडईत अशी पिशवी ३० रुपयांच्या वर कोणी घेत नाही. म्हणजे प्रत्येक पिशवीमागे भगिनीने २४ रुपयांची मेहनत दान केली. ‘कापड तर फुकटचेच होते’ या एका वाक्याने घरगुती शिलाई बुडते. बाजारहाटाची पिशवी शिवायचीच असेल तर ताग्याच्या टोकाच्या अखंड तुकड्याची शिवावी. तयार १४ बाय १६ इंचाच्या पिशवीस १५ बाय १८ चे दोन तुकडे आणि ४ बाय २२ च्या दोन बंद-पट्ट्या पुरतात. बाजूची शिवण दुहेरी घ्यावी, आधी सुलट बाजूने पावइंचाच्या आत, मग उलटवून, म्हणजे धागे आतच कोंडले जातात. बंदाच्या मुळाशी चौकोन घालून त्यात फुली शिवावी, कारण पिशवी फाटते ती तेथेच. जाड कापडास १६ नंबरची सुई, साध्या पॉपलीनला १४.

जोडकाम अशा वस्तूत करावे जेथे जोडाचीच किंमत मिळते. बटवा, उशीचा अभ्रा, बाळाचे दुपटे, दस्तरख्वानाची कड, जानमाजची झालर, लग्नात पाहुण्यांस द्यावयाच्या पोटल्या. जरीचे तुकडे पोटलीसाठी राखून ठेवावेत. लग्नसराईत एकाच वेळी शंभर-दोनशेची मागणी येते आणि एकही पोटली दुसरीसारखी नसली तरी चालते, माप मात्र एक हवे. बाळाच्या वस्तूंना मणी, बटण, घुंगरू लावू नये. ते सुटून बाळाच्या तोंडात जाते.

आपल्या घरांत बारमाही खप असलेली वस्तू म्हणजे जुझदान. तयार मिळतात ती पातळ साटीनची असतात आणि एका मापाची. परंतु कुरआन शरीफच्या प्रती लहान-मोठ्या असतात. मापाप्रमाणे शिवून देणारी व्यक्ती मोहल्ल्यात सहसा नसते. समजा ग्रंथ ७ इंच रुंद, १० इंच उंच आणि २ इंच जाड आहे. रुंदीत जाडी मिळवावी, एक इंच शिवण आणि अर्धा इंच सैलपणा, म्हणजे साडेदहा इंच. उंचीत जाडी आणि एक इंच शिवण, म्हणजे १३ इंच. पुढचा भाग साडेदहा बाय तेरा, मागचा साडेदहा बाय अठरा, कारण वरचे पाच इंच झाकण म्हणून पुढे येतात. अस्तर मऊ सुती आणि पक्क्या रंगाचे लावावे, कच्चा रंग पावसाळ्यात पुठ्ठ्यावर उतरतो. बाहेरील बाजू जोडकामाची असली तर तेच तिचे सौंदर्य.

माल उधारीवर देताना मात्र सांभाळावे. एजंट नमुना घेऊन जातो, माल नेतो आणि ‘दुकानदाराने अजून दिले नाहीत’ असे सहा महिने सांगतो, ही कहाणी आम्ही अनेक घरांत ऐकली आहे. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असल्यास ते त्याचे कमिशन समजावे, सरकारी फी नव्हे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदतही ४५ दिवसांपेक्षा अधिक नसावी, असे २००६ चा कायदा सांगतो. काही लेखी ठरलेच नसेल तर पंधरा दिवसांत. म्हणून माल देताना चिठ्ठीवर तारीख, नग, दर लिहून सही घ्यावी, मग समोरचा नात्यातला का असेना. जीएसटीचे म्हणाल तर राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यास एप्रिल २०१९ पासून वार्षिक ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीस नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात माल पाठवायचा झाल्यास नियम वेगळे आहेत, ते आधी करसल्लागाराकडून समजून घ्यावेत.

राहता राहिली तळहाताहून लहान कातरण. तीही जातीप्रमाणे वेगळीच ठेवावी, कारण मिसळलेल्या पोत्याला भाव नसतो. सुती चिंधी गॅरेज व प्रेसवाले पुसायला घेतात. टेरिकॉट तेल शोषत नाही म्हणून ते हातही लावत नाहीत. पांढऱ्या सुती कातरणीपासून हातकागद होतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातील कारागिरांनी चिंध्यांचाच लगदा करून शतकानुशतके कागद बनविला, जयपूरजवळ सांगानेरलाही हेच काम कागजी घराणी करतात. त्यात पॉलिस्टरचा एक धागा गेला तरी त्याचा लगदा होत नाही, तो कागदात तसाच दिसतो. लोकरीचे आणि मिश्र तुकडे शेवटी पानिपतकडे जातात, तेथे ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटे होतात. चिंधीवाला आल्यावर तीन पोती वेगवेगळी तोलून घ्यावीत आणि पांढऱ्या सुतीचा भाव आधी विचारावा.